भिंतीत बसवलेला समुद्र: कोल्हापुरातल्या घरात सहा फुटी रीफ टँक कसा उभारावा

घरी आलेला पाहुणा हॉलमधल्या सहा फुटी काचेसमोर थबकतो. काचेमागं माझा रीफ टँक आहे, म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक. निमो जोडीनं फिरत असतात, लेदर कोरल या मऊ प्रवाळाचे धागे लाटेबरोबर डोलत असतात. पाहून झालं की मी त्याला भिंतीमागच्या खोलीत नेतो. तिथं नळ्या, पंप, पाण्याचे ड्रम, मिठाच्या बादल्या आणि मोरी आहे. भिंतीतला टँक करायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की आधी ही खोली ठरवा आणि काचेचं माप नंतर घ्या. माझ्या पाहण्यात भिंतीतले जे टँक दोन वर्षांत रिकामे झाले, त्यांचे मासे वाईट नव्हते आणि उपकरणंही स्वस्तातली नव्हती. मागून हात घालायला जागा नव्हती, म्हणून देखभाल होईना, आणि पुढं माणूस कंटाळला.

या लेखात मी ६ बाय २ बाय २ फुटांचा टँक धरून चाललो आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला यापेक्षा मोठा झेपत नाही, आणि यापेक्षा लहान टँकसाठी भिंत फोडण्यात अर्थ नाही. पाण्याची खोली दोन फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. तळाशी पडलेला शिंपला उचलायला आपला हात तेवढाच पोचतो.

जागा आणि वजन

हिशेब साधा आहे. या मापाच्या टँकमध्ये सुमारे ६०० लिटर पाणी मावतं. खारं पाणी थोडं जड, म्हणजे ६१५ किलो. १५ मिलिमीटर काचेचं वजन दीडशे किलो. त्यात दगड, वाळू, स्टँड आणि खालचा भरलेला सम्प (गाळणी आणि पंप ठेवायची दुसरी टाकी) धरला तर सगळं मिळून हजार किलोंच्या पुढं जातं. हे सगळं वजन जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतं. घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो चलभार (माणसं आणि सामानाचा भार) धरतात. आपण त्याच्या चौपटीहून जास्त भार ठेवतोय. तोही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

म्हणून तळमजला निवडा. जोत्याखाली भराव नीट दाबलेला असेल तर त्यावर सहा इंचांचं जाळीचं काँक्रीट टाकून घ्या. वरच्या मजल्यावरच करायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून बीम कुठून गेलेत ते दाखवायला सांगा आणि टँक बीमला आडवा, दोन्ही टोकांना आधार मिळेल असा ठेवा. 'काही होत नाही हो' हे गवंड्याचं उत्तर इथं चालत नाही.

जुन्या शहरात, शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून दगड-विटांच्या भारवाहक भिंतींची घरं आहेत. अशा भिंतीला सहा फुटी भगदाड पाडणं म्हणजे वरच्या मजल्याचा पाय काढून घेणं. तिथं भिंत फोडायचा विचार सोडून द्या. जुनं मोठं कपाट किंवा बंद केलेला दरवाजा असेल तर त्याच्या मापात टँक बसवा. आरसीसी फ्रेमच्या घरातली साडेचार इंची पडदी भिंत मात्र इंजिनिअरच्या सल्ल्यानं उघडता येते.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरालाच सांगावी लागते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये ती ५५ फुटांपलीकडे गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. त्या दोन्ही वर्षी तुमच्या गल्लीत पाणी आलं असेल तर तळमजल्यावर हा टँक करू नका. मासे उचलून नेता येतात. आठशे लिटरची यंत्रणा नेता येत नाही.

मागची खोली

टँकच्या मागे किमान तीन फूट मोकळी जागा हवी. टँक दोन फुटांचा, म्हणजे खोली पाच फूट खोल आणि आठ फूट लांब असली तरी पुरते. आमच्याकडे जिन्याखालची अडगळ आणि शेजारची कोठी एक केली. टँकच्या वर छतापर्यंत निदान अडीच फूट मोकळं सोडा. त्याहून कमी असेल तर दिवे वर करून हात आत घालता येत नाही.

या खोलीत चार गोष्टी बांधकामातच करून घ्या, कारण नंतर होत नाहीत. एक, फरशीला उतार आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. दोन, पाण्याचा नळ आणि एक खोल सिंक. तीन, बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट पंखा. चार, भिंतींना चार फुटांपर्यंत टाइल्स आणि वर इपॉक्सी रंग. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि मिठाची पावडर सगळीकडे बसते. क्षार प्लास्टरमधून झिरपून सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून फरशीखाली वॉटरप्रूफिंग करायलाच हवं. नहाणी ट्रॅपचं महत्त्व मला पहिल्या महिन्यातच कळलं. ती गोष्ट पुढे येईलच.

घराचा इन्व्हर्टर, मीटर किंवा मुख्य स्विचबोर्ड या खोलीत ठेवू नका.

भिंत उघडणं

मी निवडलेली पद्धत अशी. टँक भिंतीच्या मागे, स्वतःच्या स्टँडवर उभा राहतो आणि भिंतीत फक्त खिडकी असते. खिडकी काचेपेक्षा लहान ठेवायची. काच १८३ बाय ६१ सेंटिमीटर असेल तर खिडकी साधारण १७५ बाय ५१. खालून वाळूचा थर आणि वरून पाण्याची रेघ झाकली जाते, आणि हॉलमधून फक्त समुद्र दिसतो. खिडकीचा खालचा काठ ठरवायला सोफ्यावर बसा आणि नजर सरळ समोर ठेवा. ती खिडकीच्या मध्यावर आली पाहिजे. उभ्या माणसाच्या हिशेबानं केलेले टँक घरात उंच वाटतात.

पडदी भिंत असली तरी खिडकीवर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई लागतेच, नाहीतर वरच्या विटा सरकतात. दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच टेकण द्या. सळया किती आणि खोली किती हे इंजिनिअर सांगेल. आधी वर टेकू लावायचे, लिंटेल घालून तो पक्का होऊ द्यायचा आणि मगच खालच्या विटा काढायच्या. आमचे गवंडीकाका हे काम करताना घाई करत नव्हते आणि मीही त्यांच्यामागं घाई लावली नाही.

भिंत नऊ इंची असेल तर खिडकीच्या कडा हॉलच्या बाजूला तिरप्या फाकवा. सरळ कडा ठेवल्या तर बाजूच्या खुर्चीतून अर्धाच टँक दिसतो. काच आणि भिंत यांच्यात एक सेंटिमीटर फट ठेवून त्यात मऊ फोमची पट्टी भरा. भिंतीचा कसलाही भार काचेवर येता कामा नये. हॉलच्या बाजूनं सुताराकडून सागवानी चौकट करून घ्या. ती स्क्रूनं काढता येईल अशी असावी.

स्टँड

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. उद्यमनगरात फिरलात तर दोन इंची चौकोनी पाइपचं, सहा पायांचं स्टँड जोडून देणारे हात पावलोपावली भेटतील. जे शहर इंजिनांचे भाग ओततं त्याला हे काम सोपं आहे. पण फॅब्रिकेटरला दोन गोष्टी ठासून सांगा. सगळे उभे पाय वरच्या आडव्या पाइपच्या थेट खाली यावेत, म्हणजे भार वेल्डवर न येता पाइपवर येईल. आणि वेल्डिंगनंतर घासून, प्रायमर मारून इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. साधा ऑइल पेंट खाऱ्या हवेत वर्षभरही टिकत नाही. पाइपची टोकं उघडी ठेवू नका.

स्टँड जागेवर ठेवल्यावर पाणसळ लावून लांबी, रुंदी आणि कर्ण तिन्ही तपासा. सहा फुटांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर पायाखाली स्टीलच्या पट्ट्या द्या, टँकखाली कागद-पुठ्ठे नकोत. वर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर अर्धा इंच थर्माकोल किंवा फोम शीट.

काच

१२ मिलिमीटरमध्येही हा टँक उभा राहतो, पण भिंतीतला टँक बदलणं म्हणजे घर उघडणं. मी १५ घेतली. पुढची काच कमी लोहाची, म्हणजे कडेनं हिरवी न दिसणारी घ्या. बाकीच्या साध्या चालतात. वरच्या कडेला आतून चार इंची काचेच्या पट्ट्या चारही बाजूंनी चिकटवा. त्यांनी मधला फुगवटा रोखला जातो आणि उडी मारणारे मासेही अडतात.

टफन्ड काच घेऊ नका. एका दुकानदारानं 'जास्त मजबूत' म्हणून मला तीच दिली होती. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकताच ती काच माझ्यासमोर साखरेसारखी विखुरली. साध्या काचेला भोक पाडताना डायमंड बिट, पाण्याची धार आणि सावकाशी लागते. भोक कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं आत असावं.

सिलिकॉन अ‍ॅसिटिक प्रकारचा, बुरशीनाशक नसलेला घ्या. बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन माशांना मारतो. जोडल्यानंतर सात दिवस हात लावायचा नाही. मग भिंतीत बसवण्याआधी अंगणात साध्या पाण्यानं काठोकाठ भरून पुढचा आठवडाभर ठेवा. कोपऱ्यांवरून रोज वर्तमानपत्राचा तुकडा फिरवा. ओलावा असेल तर कागद लगेच सांगतो.

टँक उचलायला आठ माणसं बोलवा. तालमीतली पोरं असतील तर उत्तम.

पाण्याचा प्रवास

टँकच्या मागच्या बाजूला ओव्हरफ्लो पेटी, तिच्यातून खाली सम्पमध्ये उतरणारे तीन पाइप, आणि सम्पमधून पाणी वर फेकणारा रिटर्न पंप, असा हा फेरा असतो. तीन पाइप का? पहिला पूर्ण भरून वाहतो आणि त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आवाज येत नाही. दुसऱ्यातून बारीक धार जाते. तिसरा कोरडा असतो. पहिला कधी शेवाळानं किंवा गोगलगायीनं तुंबला तर तिसरा घर वाचवतो. सगळे पाइप दीड इंची यूपीव्हीसी घ्या आणि प्रत्येक पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा, म्हणजे पंप धुवायला पाइप कापावा लागणार नाही.

सम्प चार फूट बाय दीड फूट पुरतो. पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), मग प्रोटीन स्किमर, मग जाळीदार हिरवं शेवाळ वाढवायचा कप्पा, शेवटी रिटर्न पंप. स्किमर टँकच्या आकारापेक्षा एक पायरी मोठा घ्या. बारीक बुडबुड्यांना चिकटून खरकटं, श्लेष्मा आणि प्रथिनं वर येतात आणि सडण्याआधीच पाण्याबाहेर पडतात. रीफ टँकमध्ये या एका यंत्रावर हात आखडू नका. रिटर्न पंप तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवेल इतका पुरे. जोराची हालचाल टँकमधल्या दोन वेव्हमेकरनी, म्हणजे लाटा करणाऱ्या पंपांनी करायची.

आता ती गोष्ट. पहिल्या महिन्यात एका रात्री लाइट गेली. पंप थांबला आणि रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात सहा इंच बुडालेलं असल्यानं तिनं उलट्या दिशेनं पाणी ओढायला सुरुवात केली. सम्प भरला आणि वाहिला. सकाळी पाय ठेवला तर फरशी ओली होती, पण बाकीचं सगळं पाणी नहाणी ट्रॅपमधून गेलं होतं. हॉलमधली लाकडी फरशी वाचली. त्या दिवशी नळीला पाण्याच्या पातळीलगत पाच मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरते आणि ओढ तुटते. तुम्ही हा हिशेब आधीच करा. या टँकची पातळी एक इंच उतरली तर २८ लिटर पाणी खाली येतं, पाइपमधलं वेगळं. सम्पमध्ये निदान ५० लिटरची मोकळी जागा हवी. मासे आणण्याआधी मुद्दाम दहा वेळा मेन स्विच बंद करून बघा.

वीज

खारं पाणी आणि वीज एकत्र म्हटल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चोख अर्थिंग याशिवाय एक प्लगही लावू नका. सॉकेट सम्पच्या बाजूला, उंचावर ठेवा, थेट सम्पच्या डोक्यावर नको. प्रत्येक वायर प्लगमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल.

रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर घ्या. या दोघांना मिळून शंभर वॉटच्या आसपास लागतात, त्यामुळे घरची १५० अँपिअर-तासाची बॅटरी सात-आठ तास खेचते. हीटर, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आणि दिवे इन्व्हर्टरवर नकोत. प्राणवायू आधी, बाकी सगळं नंतर.

बिलाचा अंदाज असा. पंप आणि स्किमर मिळून १३० वॉट, चोवीस तास, म्हणजे रोजचे तीन युनिट. दिवे ३०० वॉट, आठ तास, म्हणजे अडीच युनिट. उन्हाळ्यात चिलरचे आणखी चार. एप्रिलात रोज नऊ-दहा युनिट धरा. महावितरणचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्यानं वाढतो, म्हणून घरचा आधीचा वापर धरूनच आकडेमोड करा.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांवर शेवाळ पोसलं जातं. घरातल्या पिण्याच्या आरओला बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जुळवायचा स्क्रू असतो आणि तो थोडं कच्चं पाणी मिसळतो, त्यामुळे तोही उपयोगाचा नाही. वेगळा आरओ घ्या आणि त्याच्यापुढं उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा कप्पा जोडा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. दोन दिसायला लागले की रेझिन बदला. आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्यानं आमच्याकडे अंगण धुतात आणि गाडी पुसतात.

आंबा घाट उतरलं की रत्नागिरीचा समुद्र आहे, मग तिथूनच कॅन भरून का आणू नये, असं मला खूप जण विचारतात. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, बंदराजवळ तेलकट असतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं त्याची क्षारता घसरते. दर पंधरवड्याला ७० लिटर पाणी बदलायचं असतं, आणि दर वेळी ते सारखंच असायला हवं. रीफ सॉल्टचं पाकीट तेवढं सातत्य देतं. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम धरा, म्हणजे पहिल्या भरणीला २६-२७ किलो मीठ लागेल. ड्रममध्ये पंप सोडून चोवीस तास फिरवा आणि मग रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा. क्षारता हजार भागांत ३५, म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर शून्याला जुळवून भागत नाही, ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणानं जुळवा.

उडून गेलेलं पाणी भरताना मात्र गोडं आरओ-डीआय पाणीच घाला. मीठ उडत नाही, पाणी उडतं. या मापाच्या टँकमधून रोज पाच ते दहा लिटर पाणी जातं. त्यासाठी फ्लोट सेन्सरवर चालणारी ऑटो टॉप-ऑफ यंत्रणा लावा. हातानं भरायचं म्हटलं तर लग्नकार्याला दोन दिवस गावी जाता येणार नाही.

तापमान

लक्ष्य २५ ते २७ अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपार ३८ अंशांच्या घरात जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो. दोन्हीची तयारी लागते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सम्पवर सोडलेला पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा जोर जातो. पाव अश्वशक्तीचा चिलर घ्या आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर काढा. मागच्या बंद खोलीत ठेवलेला चिलर आपल्याच उष्णतेत गुदमरतो. हिवाळ्यासाठी एका मोठ्या हीटरऐवजी २०० वॉटचे दोन घ्या आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरवर चालवा. हीटरमधला थर्मोस्टॅट चिकटला तर एका रात्रीत टँक शिजतो.

पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद राहतात, घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. तेव्हा स्किमरची हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर काढा. एवढ्या एका बदलानं आमच्याकडे ७.८ चा पीएच ८.१ वर आला.

दगड, वाळू आणि थांबणं

कोरडा, कृत्रिम बनवलेला रीफ दगड ४० ते ४५ किलो पुरतो. जांभा वापरू नका, त्यात लोह ठासून भरलेलं असतं. नदीची वाळू आणि क्रश सँडही नको. अरॅगोनाइटची (समुद्री चुनखडीची) वाळू चार सेंटिमीटर थरानं पसरा, साधारण ६० किलो लागेल. दगड आधी काचेच्या तळाला टेकवा, मग वाळू. वाळूवर ठेवलेला दगड खाली उकरणाऱ्या माशानं सरकतो. दगडांची भिंत रचू नका. दोन बेटं करा, मध्ये वाळूची खिंड ठेवा आणि मागच्या काचेपासून हात जाईल एवढं अंतर सोडा.

मग सायकल, म्हणजे माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजवणं. बाटलीतले जिवाणू टाका आणि शुद्ध अमोनियम क्लोराइडनं अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २) न्या. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं म्हणजे टँक तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर येईल, मग हिरवं शेवाळ. घाबरून औषध टाकू नका. ट्रोकस गोगलगायी सोडा आणि दिवे आठ तासांवर ठेवा. दिवसाला तीन वेळा काचेसमोर उभं राहून काही घडत नाही असं वाटण्याचे हे आठवडे असतात. मला ते आवडले. मागच्या खोलीची शिस्त मी याच काळात बसवली.

कायदा, प्रवाळ आणि हातमोजे

भारतात रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे, महाकाय शिंपले आणि समुद्रकाकड्यांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातून, जे १९८७ मध्ये जाहीर झालं, किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडाही आणू नका. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा प्रवाळाचाच असतो. समुद्राची ओढ आहे म्हणून आपण हा टँक करतोय, तर त्याची किंमत समुद्रानं देऊ नये.

यातून उरतात ती मऊ प्रवाळं, आणि ती अपुरी नाहीत. लेदर कोरल, मशरूम, झोअँथिड, हिरवी स्टार पॉलिप्स यांनीच आमची खिडकी भरली आहे. त्यांना ५० ते १५० पार (प्रकाशाचं माप) इतका प्रकाश पुरतो आणि थोडं नायट्रेट मानवतं. बिल घ्या, आणि टँकमध्ये वाढवलेल्या तुकड्यांनाच पसंती द्या. हिरवी स्टार पॉलिप्स मुख्य बेटावर लावू नका, वेगळा दगड द्या. ती मखमलीसारखी पसरतात आणि सगळं झाकून टाकतात.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. झोअँथिड असलेला दगड घासू नका, गरम पाण्यात टाकू नका, आणि उकळवू तर कधीच नका. वाफेतून विष फुफ्फुसात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत.

मासे

आपल्याकडे बहुतेक मासे मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतात. आठ-दहा तास बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्यानं तो फारसा जाचत नाही. पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडा, क्षारता मोजा, आणि तेवढ्याच क्षारतेच्या क्वारंटाइन टँकमध्ये मासा लगेच सोडा. थेंब थेंब पाणी मिसळत तासभर बसायची रीत इथं मासा मारते.

क्वारंटाइनसाठी तीन फुटी साधा टँक मागच्या खोलीत ठेवा आणि प्रत्येक मासा महिनाभर तिथंच राहू द्या. सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे काढून टँक जवळपास अडीच महिने माशांविना चालवावा लागतो. शिवाय तांब्याचं औषध प्रवाळाच्या टँकमध्ये घालताच येत नाही, त्यानं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळं मरतात.

सुरुवात टँकमध्ये पैदास झालेल्या निमोच्या जोडीनं करा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं देशात निमोची पैदास यशस्वी केली आहे, त्यामुळे जंगली मासा घ्यायचं कारण नाही. निमोला समुद्रफुलाचीही (अ‍ॅनिमोनची) गरज पडत नाही, आमची जोडी लेदर कोरलमध्ये निजते. महिन्यानं एक-दोन गोबी, मग फायरफिश, मग रास (wrasse) जातीचा एक मासा. डॅमसेल स्वस्त मिळतात, पण नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हाणतात. निळी डोरी मुलांना हवी असते, पण ती फूटभर वाढते आणि सहा फूट तिला अपुरे पडतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आठवड्याचा रिवाज

शनिवारी सकाळी माझा दीड तास मागच्या खोलीत जातो. सॉक बदलायचा, स्किमरचा पेला धुवायचा, पुढची काच मॅग्नेटनं पुसायची. क्षारता, अल्कलिनिटी (आम्ल पेलायची पाण्याची ताकद), नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून वहीत लिहायचं. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं माप), बाकी पीपीएममध्ये: कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१. एका शनिवारच्या आकड्यापेक्षा चार शनिवारांची दिशा बघा. मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये पाणीबदलानंच बहुतेक भागतं. अल्कलिनिटी सतत घसरत असेल तर चुन्याची निवळी द्या. त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरा, पानाचा चुना नाही. लिटरला दीड ग्रॅम, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी रात्री थेंबाथेंबानं सम्पमध्ये. तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून एकदम ओतू नका.

दर तीन महिन्यांनी पंप पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर चालवा.

जूनची तयारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्या-बंगळुरूची वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं शहराचा पाणीपुरवठा थांबला. म्हणजे पूर घरात शिरला नाही तरी टँकपर्यंत पोचतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मागच्या खोलीत हे भरून ठेवतो: झाकणाच्या ड्रममध्ये २०० लिटर आरओ-डीआय पाणी, दोन पाणीबदलांचं मीठ, जादा रेझिन, महिन्याचं कोरडं खाद्य, आणि बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप. फ्रीजरमधल्या खाद्यावर विसंबत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरतो आणि एका रविवारी मेन स्विच चार तास बंद ठेवून सगळं चालतं का ते पाहतो. लाइट बराच वेळ नसेल तर मासे चार-पाच दिवस उपाशी ठेवतो, त्यांना काही होत नाही आणि पाणी खराब होत नाही. बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली की ड्रम पुन्हा काठोकाठ भरून घेतो, कारण त्यानंतर नळाला पाणी किती दिवस येईल हे नदीच ठरवते.